कणगीचा वारा

रामनगरच्या बाबुराव मिस्त्रीची गाडी म्हणजे गावाची करमणूकच होती. मँगनीजच्या खाणीचा मालक गाशा गुंडाळून गेला, आणि जाताना आपली आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन मोटार बाबुरावाच्या गळ्यात घालून गेला. सपाटीवर ती नुसती वाघीण. अणशीचा घाट लागला की मात्र धापा टाकायची आणि अर्ध्यावर बसकण मारायची. त्याची बायको सावित्री कद्र्याच्या माहेराहून येताना दोनदा नव्या लुगड्यात घाट पायी चढली होती.

"अवो, ऐका," या खेपेला माहेरी निघायच्या आधीच ती म्हणाली. "आता घाटात थांबली, तर सोमवारी भंगारवाला बोलावणार. माझा शब्द हाय!"

सावित्री शब्दाची पक्की, आणि गाडीवर तर बाबुरावाचा जीव.

त्यानं बॉनेट उघडलं आणि डोकं खाजवलं. अरे, इंजिन आपलीच तापलेली हवा ओढतंय! चुलीत तोंड घालून कोण पळंल? रेडिएटरच्या पुढची गार हवा नळीनं कार्बोरेटरला द्यायला हवी. त्यानं पत्र्याची नळी केली. नळी तव्यासारखी तापली. बोंबला!

बाजारात नंदिगड्ड्याची तुळजाक्का सुपं, टोपल्या, कणग्या घेऊन बसायची. तिच्यापुढं त्यानं आपलं रडगाणं गायलं.

"पत्र्यात कोण भात ठेवतं व्हय रे भावा?" ती हसून म्हणाली. "बांबूची कणगी बघ. शेणामातीनं लिंपलेली. भर उन्हात आत हात घाल, गारच लागंल."

तिनं बसल्या जागी हातभर लांबीची, नळीसारखी कणगी विणून दिली. बाबुरावानं ती आतबाहेर लिंपली, रात्रभर पडवीत ठेवली आणि पहाटे अंधारातच गाडीला बसवली.

कद्र्याला पोचले, पाहुणचार झाला, परत निघाले. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं, चौथं. गाडी अशी चढत होती की बाबुरावाला गाणं म्हणावंसं वाटलं. सावित्रीसुद्धा गालात हसत होती. आणि सातव्या वळणावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

बाबुरावाला रडूच यायचं बाकी होतं. खाली उतरून त्यानं नळीला हात लावला. गार! मग झालं काय? त्यानं नळीच्या टोकाचा हवेचा फिल्टर उघडला, तर आत भात! टरफलासकट, ओंजळभर, कुंकवानं लाल झालेलं.

"अगं, हे कुठनं आलं?"

सावित्री फिल्टरकडं बघतच राहिली. गप्प बसली असती, तर गाडी भंगारात गेली असती आणि तिची पायपीट कायमची सुटली असती.

"मीच घातलं," ती म्हणाली. "नवी कणगी दारात, आन् रिकामी? पाप लागंल की! कुंकू वाहिलं, पसाभर भात घातलं. ओल्या शेणाला चिकटलं, आता सुकून सुटलं असंल."

"म्हंजी गाडी..."

"गाडी न्हाई थांबली. मी थांबवली. चला, बसा."

तिनं भात पुरचुंडीत बांधून आरशाला टांगलं. गाडी घाटमाथ्यावरच्या अणशीपर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

माहेरी निघतानाच तिनं निरोप धाडून ठेवला होता, म्हणून सोमवारी भंगारवाला आला. बाबुराव गाडीखाली श्वास रोखून पडला होता.

"जावा बाबा," वरून सावित्रीचा आवाज आला. "तीत आमची कणगी हाय. कणगी कुणी भंगारात घालतं व्हय?"