आशीर्वादाचा स्टिकर

महारुद्रने जीपच्या ऑइलची पट्टी उपसून पाहिली आणि त्याचं डोकं सणकलं. ऑइल कसलं, दूध घातलेल्या चहासारखा फेस होता तो. म्हणजे ऑइलात पाणी शिरलेलं. रेडिएटरचं झाकण काढून त्याने गाडी चालू केली, तर आतून बुडबुडे यायला लागले. इंजिनाच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गॅस्केट उडालं होतं.

लग्नासाठी म्हणून गाडी नेलेले दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, बाजेवर बसून तोंड वर करून सांगत होते, "गाडी लय पाणी पेती तुमची."

"दाजी हायेत, गप ऱ्हा," आई हळूच म्हणाली.

जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून महारुद्रने सगळा राग नट-बोल्टांवर काढला. हेड उचललं, तर गॅस्केट जळून कोळसा झालेलं. एवढं तापेपर्यंत माणसाचे डोळे काय खिशात होते?

तो स्टिअरिंगपाशी गेला. टेंपरेचरच्या काट्यावर 'आईचा आशीर्वाद' असा नवाकोरा स्टिकर चिकटवलेला होता.

"त्यो काटा सारखा लालवर जायलता," दाजी म्हणाले. "वऱ्हाडातल्या बायका उगं भ्याया लागल्या."

पाथरीहून नवं गॅस्केट आणून महारुद्रने बसवलं, ऑइल बदललं, हात धुतले. दाजी आत जेवायला बसले, तेव्हा तो स्टिकर नखाने अलगद सोलून त्याने दाजींच्या मोटारसायकलवर, पेट्रोलच्या काट्यावर चापून बसवला. दाजींचं गाव चुडावा लांब होतं, आणि काटा आधीच तळाला टेकला होता.