इंचभर जाडीचं कपाट

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी डोंगरांवरून ऊन-ऊन वारा सुटला होता. तळघराच्या आडव्या खिडकीतून उजेड आत यायचा, भिंतीवर जरा रेंगाळायचा आणि विरून जायचा. ऑर्विल हॉगन काडतुसं भरायच्या आपल्या बाकासमोर बसला होता. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनानं तो जूडिथ नदीच्या वरच्या कुरणात होता. दहिवरानं भिजलेल्या गवतातून त्याचा भाऊ एनार पुढे चालला होता, आणि धुक्यातून एल्क हरणं एकेक करत उमटत होती, आधी शिंगं, मग मान, मग वाफाळता श्वास. एनार मागे वळून काहीतरी सांगत होता. ते ऐकू यावं म्हणून ऑर्विलनं मान पुढे केली, तर समोर भिंत होती. एनारला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

भानावर आला तेव्हा त्याचा उजवा हात माप भरायच्या यंत्राच्या दांड्यावर होता. यंत्राच्या पारदर्शक नळीत बंदुकीची दारू अर्ध्यापर्यंत भरलेली. पुढ्यातल्या लाकडी ठोकळ्यात अठ्ठावीस काडतुसं भरून तयार, शाळेतल्या मुलांसारखी ओळीनं उभी. दारूची बाटली मात्र बाकावर नव्हती.

त्यानं बाकाखाली पाहिलं, खुर्चीमागे पाहिलं. बाटली नव्हतीच.

बाकावर एका वेळी एकच दारू, आणि जी नळीत असेल तिची बाटली शेजारी उभी, हा नियम त्यानं बेचाळीस वर्षं पाळला होता. गावातल्या नव्या शिकाऱ्यांच्या वर्गात तो दरवर्षी बजावायचा, “जिचं नाव ठाऊक नाही ती दारू नव्हे, कचरा. कचरा कोणी बंदुकीत भरतं का?” पोरं हसायची. तो हसायचा नाही.

त्यानं कपाट उघडलं. दारूच्या सात बाटल्या आपापल्या मूळ चिठ्ठ्यांसह उभ्या होत्या, त्यातल्या चार उघडलेल्या. चारही त्यानं कागदावर चिमूट-चिमूट ओतून पाहिल्या. सगळीकडे तेच बारीक करडे दाणे, तोच नाकाला झोंबणारा गोडसर वास. एक सावकाश जळणारी, एक भडकन पेटणारी. चुकीची भरली तर बंदूक माणसाच्या तोंडावरच फुटायची. पण डोळ्यांना सगळ्या सख्ख्या बहिणी.

“ही दुसरीच असणार,” तो स्वतःशी म्हणाला. त्यानं दुसऱ्या बाटलीचं झाकण काढलं, नळी सोडवून तिच्या तोंडाशी नेली. एवढं ओतलं की झालं, कोणाला कळणार नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला. खिडकीतला उजेड आला, गेला, पुन्हा आला. मग त्यानं नळी खाली ठेवली, चारही बाटल्या बंद करून जागच्या जागी लावल्या, आणि कठड्याला धरत जिना चढून वर आला.

लव्हॉन स्वयंपाकघरात बटाट्याची पातळ पोळी, लेफ्सा, लाटत होती. पिठानं माखलेले हात तसेच ठेवून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“तोंड असं का केलंयस?”

“खाली नळीत दारू आहे. कुठली ते मला माहीत नाही.”

लाटणं थांबलं. “भरलीस किती?”

“अठ्ठावीस. त्यातलं एकही भरताना आठवत नाही मला. मी एनारबरोबर होतो.”

तव्यावरची लेफ्सा तिनं उलटली, उतरवली, शेगडी बंद केली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“ऑर्विल, मागच्या मंगळवारी तुझी एक बाटली मला फळीवर सापडली. मैद्याच्या डब्याशेजारी.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“नेऊन ठेवली परत कपाटात. बोलून काय करणार होते?”

“सांगायचंस ना.”

“सांगायचं म्हणत होते. रोज सकाळी ठरवायचे, आणि रोज तू इतका नीट कॉफी करून आणायचास.” तिनं कमरेचा ॲप्रन उगाच झटकला. “वाटायचं, आज तर ठीक दिसतोय.”

बाहेर वारा घोंघावत होता. ऑर्विल हातांकडे पाहत राहिला. राग आला असता तर बरं झालं असतं. आला तो एक हलका, पोकळ सुटकेचा भाव. जणू कोणी तरी त्याच्या खांद्यावरची पोतडी उचलून दुसरीकडे ठेवली होती आणि तिच्यात काय होतं ते त्याला आता आठवत नव्हतं.

“मार्नाला फोन लाव,” तो म्हणाला.

मार्ना एनारची मुलगी. चाळिशीची, काउंटीच्या रस्त्यांवर खडी सारखी करायचं अवजड यंत्र चालवणारी, काकाकडूनच काडतुसं भरायला शिकलेली. ती धुळीच्या बुटांनिशी आली, सगळं ऐकून घेतलं, आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता बाही वर सारून बाकाशी बसली. पोकळ डोक्याच्या हातोड्यात एकेक काडतूस घालायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं. चार-पाच ठोक्यांत गोळी आणि दारू सुटून पोकळीत पडायची. अठ्ठावीस काडतुसं तिनं अशी रिकामी केली. ऑर्विल शेजारी बसून मोजत होता.

“सत्तावीस.”

“अठ्ठावीस झाली, काका.”

“मग अठ्ठावीस.”

नळीतली आणि काडतुसांतली दारू मिळून वाटीभरही नव्हती. संध्याकाळी वारा पडल्यावर तिघं परसात गेली. गवत वाळलेलं, म्हणून जाळायचा प्रश्नच नव्हता. मार्नानं पाण्यानं भिजवलेल्या वाफ्यावर ती दारू खतासारखी विरळ पसरली, आणि ऑर्विल दाताळ्यानं माती सारखी करत राहिला. करडे दाणे ओल्या मातीवर पडताच दिसेनासे होत होते. आपलंही काहीतरी असंच विरघळतंय, असं त्याला वाटलं, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही. मातीला वास येत होता, लव्हॉन हातात झारी घेऊन उभी होती, आकाश आतून पेटवल्यासारखं पिवळं झालं होतं.

“मार्ना, सगळं तू घेऊन जा,” तो म्हणाला. “आज मला कळतंय तोवर.”

मार्नानं हात झटकले. “नेते. माझ्याकडे बंदुकांची पोलादी तिजोरी आहे, तिच्यात राहील.”

ऑर्विल एकदम ताठ झाला. लव्हॉननं कित्येक दिवसांत त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता.

“तिजोरीत? तुला शिकवलं कोणी?”

“तू.”

“मग मी नालायक मास्तर. अगं, उघड्यावर ही दारू नुसती जळते, भर्रकन. पोलादात कोंडून आग लागली की तिचा बॉम्ब होतो. म्हणून लाकूड. इंचभर जाडीच्या फळ्या, सांधे असे की आतून दाब आला तर सुटतील. आणि काडतुसात ठिणगी पाडणाऱ्या टोप्या दारूच्या कपाटात नाहीत, त्या घराच्या दुसऱ्या टोकाला. तुझं ते भाड्याचं घर. मालकिणीला विचारलंस? डेलला विचारलंस?”

“आत्ता तर ठरलं, काका.”

“मग विचार.”

डेल प्रुइट गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. तोही एके काळी ऑर्विलच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला. तो दोन दिवसांनी ऑर्विलच्या तळघरात आला, कपाटाच्या फळीला पट्टी लावली, बाटल्या आणि टोप्यांची खोकी वहीत टिपून घेतली.

“सात पौंडसुद्धा नाही,” तो म्हणाला. “वीस पौंडांपर्यंत कपाट नसतं तरी आमच्या नियमांत बसलं असतं, मिस्टर हॉगन.”

“नियमांत बसलं असतं. मला झोप आली नसती.”

“ते आहेच.” डेलनं वही मिटली. “मार्नाच्या घरात कुठल्या खोलीत काय असेल ते आमच्याकडे लिहिलेलं राहील. आग लागलीच, तर माझी माणसं आंधळी आत शिरणार नाहीत.”

मार्नाची घरमालकीण बर्निस क्वाम हिनं अर्ज दोनदा वाचला. “मागच्या भाडेकरूनं न विचारता हातभर लांबीचा सरडा पाळला होता,” ती म्हणाली. “तू निदान विचारलंस.” आणि सही केली.

शनिवारी सामान हललं. पहिल्या फेरीत रिकामं कपाट, दुसरीत दारू, तिसरीत टोप्या. मार्नाच्या घरात उत्तरेकडे एक थंड खोली होती, शेगडीपासून, बॉयलरपासून लांब. कपाट तिथे लागलं, कुलूप बसलं. टोप्या पार दुसऱ्या बाजूला, कोटांच्या कपाटातल्या वरच्या फळीवर.

तेव्हापासून रविवारी चर्च सुटलं की लव्हॉन त्याला मार्नाकडे सोडायची. मार्ना बाकाशी बसायची. ऑर्विलचं काम एकच. बाटली कपाटातून बाहेर आली की चिठ्ठीवरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचायचं, मार्नानं तेच पुन्हा म्हणायचं, मगच झाकण निघायचं. काम संपलं की परत तसंच. त्याला वार आठवत नसे, कधी चर्चही आठवत नसे. पण चष्मा लावून ते नाव तो इतक्या गंभीरपणे वाचायचा, की मार्ना हातातलं सगळं खाली ठेवून ऐकायची.

शिकारीच्या मोसमाच्या शेवटच्या रविवारी बाहेर बर्फ पडत होता, अगदी आवाज न करता. ऑर्विल खुर्चीत बसून तिचे हात पाहत होता. पितळेची पुंगळी, चिमूटभर दारू, वर गोळी, दांडा खाली. एकही हालचाल जादा नाही. वीस झाल्यावर तिनं उरलेली दारू बाटलीत ओतली. त्यानं नाव वाचलं. तिनं म्हटलं. बाटली कपाटात गेली.

“छान हात आहे तुमचा,” ऑर्विल म्हणाला. “कोणाकडे शिकलात?”

मार्ना कुलूप लावत होती. किल्ली तिनं सावकाश खिशात टाकली.

“आहे एक म्हातारा. हट्टी आहे जरा.”

“शिकवलंय मात्र नीट.”

“हो,” ती म्हणाली, आणि त्याच्याजवळ येऊन बसली. “खिम्याची चिली गरम करते. खाणार ना?”

“बरोबर ती मऊ, पावासारखी बिस्किटं असतील तर,” ऑर्विल म्हणाला, आणि बर्फ बघायला खिडकीकडे वळला.