बोलणं झालं का?

साखर कारखान्यात चेअरमनपासून काट्यावरच्या हमालापर्यंत सगळ्यांची एका गोष्टीवर एकवाक्यता होती: कृष्णात फोन चोरून ऐकतो. पुरावा कुणाकडं नव्हता. पण पुरावा लागतो तो कोर्टात. कॉलनीत नुसतं ‘म्हणे’ पुरतं.

कृष्णात कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होता. फौजेत सिग्नलला नोकरी करून आलेला, त्यामुळं इस्लामपूरच्या पंचक्रोशीत एवढं यंत्र कळणारा दुसरा कुणी नव्हता आणि म्हणूनच सगळ्या दुखण्यांचा मालकही तोच होता. उंदरानं वायर कुरतडली, बोलवा कृष्णातला. शेतकी ऑफिसात कुणी रिसीव्हर उलटा धरून ‘फोन मेला’ म्हणून ओरडला, तरी दोष बोर्डाचा. संध्याकाळी घरी यावं तर ओट्यावर कुणाचा तरी मुका रेडिओ वाट बघत बसलेला. फुकटात दुरुस्ती करून घेणारेच जाताना हळूच विचारत, ‘काय म्हणतायत चेअरमन?’ तो काही सांगत नसे. मग ते म्हणत, लबाड आहे, सगळं ठाऊक असून गप बसतो.

बोर्ड म्हणजे एक लाकडी कपाट. समोर भोकं, खाली दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीला मधेच कान लावायची एक कळ. कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराची झडप पडायची. कृष्णात दोरी खुपसून ‘कुणाला देऊ?’ विचारायचा आणि जोडून द्यायचा. बोलणं संपलं की बोलणाऱ्यानं पुन्हा एकदा हँडल फिरवायचं, म्हणजे शेवटची झडप पडते आणि दोरी काढता येते. तशी चिठ्ठी त्यानं प्रत्येक फोनवर डकवली होती.

पण फिरवतंय कोण? आपल्याकडं बोलणं संपलं की माणूस उठून चालू लागतो. शेतकीवाल्यांना वाटे, पुन्हा फिरवलं तर पुन्हा बिल लागेल. चेअरमन हंबीररावांना तर तो अपमानच वाटे. एवढ्या मोठ्या माणसानं ‘माझं झालं’ म्हणून बोर्डवाल्याला कळवायचं? मग कृष्णातला कळ उचलून कान लावावा लागे. आवाज असला तर ‘बोलणं झालं का?’ असंही न विचारता कळ खाली, नसला तर दोरी बाहेर. दिवसभर हेच. तेवढ्यात अर्धं वाक्य कानावर पडे, आणि कानाला काही झडप नसते. ऐकणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं, अशी त्यानं आपल्या मनाची समजूत घातली होती. लोकांना मात्र तो छातीवर हात ठेवून सांगे, ‘मी ऐकत न्हाई.’

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, ऊस मायंदाळ होता, आणि आधी कुणाचा तुटणार यावरून गावागावांत चुरस होती. एका सकाळी हंबीररावांनी शेतकी अधिकाऱ्याला फोनवर सांगितलं, की नदीपलीकडच्या गावाची तोड मागं ढकला. दुपारी त्या गावची माणसं कारखान्याच्या फाटकात ट्रॅक्टर आडवे लावून बसली.

ऑफिसचे मोठे साहेब नानासो यांनी कृष्णातला बोलावून घेतलं. त्यांचा हिशेब सरळ होता. बोलणारे दोन, आणि मधे हा. तिसरा कोण? चौकशी होईल, आणि शाबीत झालं तर नोकरी सोडायची आणि क्वार्टर खाली करायचं, असं त्यांनी बजावलं. तोवर बोर्डाच्या खोलीत गुंडा वॉचमन स्टुलावर बसेल आणि कृष्णातवर नजर ठेवेल.

गुंडानं नजर ठेवली, पण त्याचं सगळं चित्त बोर्डावर. कृष्णातनं कळ उचलली की हा मान पुढं काढून विचारी, ‘कोण हाय? काय म्हंतोय?’ चोरावर ठेवलेला पहारेकरी चोराकडं वाटा मागत होता. कृष्णातला हसूही येईना.

नानासो तेवढ्यावर थांबले नाहीत. कृष्णात कामावर असताना ते त्याच्या क्वार्टरवर गेले आणि त्याच्या बायकोला, विजयमालाला, दारातच विचारलं, की नवरा घरी काय काय सांगतो. विजयमाला माणची. दुष्काळी मुलखातली पोर, पाणी जपून वापरावं तसे शब्द वापरणारी. पण त्या दिवशी तिनं आवाज चढवला. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या, त्यांच्यादेखत ती म्हणाली, ‘आवं, घरात बायकू चार हाका मारती ती त्यास्नी ऐकू येत न्हाई. तुमच्या चेअरमनचं काय ऐकत्यात? माझ्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, त्यो मानूस ऐकत न्हाई.’ नानासो पायरीवरूनच परतले. कृष्णातला हे बायकांकडूनच कळलं, आणि त्याला भरून आलं. त्या रात्री तो तिच्याशी नेहमीपेक्षा दोन शब्द जास्त बोलला.

आणि दुसऱ्या दिवशी ते घडलं.

कारखान्याच्या दवाखान्यातून राहीबाई नर्सनं सांगलीचा ट्रंककॉल मागितला. औषधांसाठी असेल म्हणून कृष्णातनं जोडून दिला. बराच वेळ झडप पडली नाही. गुंडा चहाला गेला होता. कृष्णातनं सवयीनं कळ उचलली, आणि कानात राहीबाईंचा नव्हे, विजयमालाचा आवाज आला.

‘न्हाई, ह्यास्नी यातलं कायबी कळता कामा न्हाई. मी बगते.’

चटका बसल्यागत त्यानं कळ खाली टाकली. मग, आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम ऐकण्यासाठी पुन्हा उचलली. तिकडं आता नुसती खरखर होती.

नंबर समोर होता. इस्लामपूरच्या ऑपरेटरकडून सहज म्हणून काढून घेतलं, तर तो सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीचा निघाला.  त्या पेढीवर लालासाहेब मुनीम होता. विजयमालाचा आतेभाऊ. आतेभावाचा पहिला हक्क, म्हणून तिच्या लग्नाचं बोलणं आधी त्याच्याशीच चाललं होतं. कुठं फिसकटलं ते कृष्णातनं कधी विचारलं नव्हतं. आता मात्र डोक्यात दुसरं काही राहिना.

विचारावं तर कसं? ‘तू लालासाहेबाशी काय बोललीस?’ म्हटलं, की ती म्हणणार, तुमाला कुणी सांगितलं? त्यानं आडून आडून सुरुवात केली. दवाखान्यात का गेली होतीस? डोकं दुखत होतं. सांगलीला बरेच दिवसांत गेलो नाही, नाही? ती म्हणाली, जाऊ की. तिचं ‘जाऊ की’ त्याला फार सोपं वाटलं. तिनं केसांना तेल लावलं तरी त्याचा जीव खालीवर होई. कॉलनी जे डोळे त्याच्यावर लावून बसली होती, तेच त्यानं आता बायकोवर लावले, आणि मग कळ उचलताना त्याचा हातही बदलला. दवाखान्याची झडप पडली की तो गुंडाकडं पाठ करून, सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकत राही. खोकल्याची औषधं, लसीचे डबे, सगळं. विजयमालाचा आवाज पुन्हा आला नाही, आणि त्यामुळंही त्याला संशयच आला.

इकडं चौकशीचा बार फुसका निघाला. हंबीररावांनी त्या सकाळी फोन केला तेव्हा त्यांची दाढी चालली होती. दाढी करणारा अर्जुना नदीपलीकडच्याच गावचा. गालाला साबण असताना चेअरमनना तो दिसलाच नव्हता. नानासोंनी कृष्णातला बोलावून एवढंच सांगितलं, की या खेपेला तू नव्हतास. मग जरा थांबून म्हणाले, ‘तुझी बायकू लेकरांची शपथ घेऊन बोलली, तवाच माझं निम्मं समाधान झालं हुतं.’

कृष्णात हलका होऊन घरी आला. नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं. मुलं बाहेर खेळत होती, विजयमाला भाकऱ्या थापत होती. आनंदात माणसाची जीभ सैल होते. एवढे दिवस कोंडलेलं बाहेर पडलंच.

‘लालासाहेबाशी मला न कळता काय बोलत हुतीस?’

तिचा हात परातीतच थांबला. तिनं विचारलं नाही, की कुणी सांगितलं. 

मग तिनं सांगून टाकलं. पेढीवर नवा बोर्ड बसणार होता. लालासाहेबानं मालकाजवळ कृष्णातचं नाव घातलं होतं. सांगलीत राहायचं, मुलांना चांगली शाळा, आणि इथला हा रोजचा संशय मागं टाकायचा. फक्त पेढीचे सगळे भाव फोनवर ठरतात, तेव्हा मालकाला माणूस न ऐकणारा पाहिजे. तसा शब्द घरच्या माणसानं द्यावा, म्हणून लालासाहेब अडून बसला होता. तो तिनं दिला होता. काम पक्कं झाल्याशिवाय नवऱ्याला सांगायचं नाही, कारण ऐन वेळी फिसकटलं तर तो आणखी खचेल.

कृष्णातला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो घाईघाईनं हँडलचं, झडपेचं, दोरीचं सांगू लागला. कामच तसं आहे, क्षणभर कान लावावाच लागतो, तो ऐकत नाही, कानावर पडतं.

विजयमालानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, ‘त्यानंतर दवाखान्याचं किती फोन कानावर पडलं?’

 चुलीवरची भाकरी करपली, ती तिनं उलथली नाही.

‘मी लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला हुता,’ ती म्हणाली. रागानं नव्हे. राग असता तर त्याला सोसला असता.

जेवणं झाली. मुलं झोपली. तिनं पेटीतलं लुगडं काढून ठेवलं आणि सकाळच्या एसटीनं सांगलीला जाते म्हणाली. लालासाहेबाला दिलेला शब्द माघारी घ्यायचा होता.

कृष्णात म्हणाला, ‘यवडा परवास कशाला? दवाखान्यातनं फोन कर की. मी लगेच जोडून देतो.’

‘नगं,’ विजयमाला म्हणाली. ‘समक्ष बोलते. मधी कुनी नसलेलं बरं.’

आणि तिनं दिवा बारीक केला.