महालक्ष्म्यांपुढे पर्चा

अवंतिका आल्यावाचून महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवायचा नाही, असे डॉ. मधुसूदनांनी सकाळीच बजावले होते. दुपारी पाने मांडलेली पाहून त्यांनी जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून घेतले. त्यांची ही लेक शहरातल्या कंपू भागात, हिंदी बोलणाऱ्या रुग्णांच्या एका इस्पितळात निवासी डॉक्टर होती. ती आली तासाभराने, सलग दुसऱ्या दिवसाची ड्यूटी उरकून, आणि उंबऱ्यातच म्हणाली, "बाबा, महिन्याची छुट्टी पाहिजे मला. विभागप्रमुख तुमचे विद्यार्थी. तुम्ही बोललात तरच मिळेल. नाहीतर मी नाही टिकणार."

"आजार कोणता?"

"झोप येत नाही. रडूही येत नाही. काल वॉर्डात एक मूल गेलं, आणि माझ्या मनात आलं, चला, एक बेड खाली झाला."

"हा आजार नव्हे, कच्चेपणा आहे. आम्हीही जागलो; कुणी रजा मागितली नाही."

"अहो, आधी जेवा," निरांजन हाती घेतलेल्या त्यांच्या पत्नी शामलाबाई म्हणाल्या. "तुमचा मुद्दा संपेपर्यंत पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्या येतील!"

"मुद्दा दुसरा असा की—"

दुसरा मुद्दा आलाच नाही. जीभ अडखळली, कपाळावर घाम फुटला आणि ते पाटावरून कलंडले.

अवंतिका तत्क्षणी गुडघ्यांवर बसली. तिने नाडी पाहिली, त्यांना गिळता येते याची खात्री केली, साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले. एकही हालचाल चुकली नाही. मधुसूदनांनी डोळे उघडले.

"नाम क्या है आपका?"

"अगं, मी..."

"नाम बताइए."

"म... मधुसूदन."

"साथ में कौन है?"

शामलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अवंते, मी आई."

"भीड़ मत लगाइए, अम्मा. बाहर बैठिए."

ती उठली, वळली. समोर शालू नेसलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या दोन्ही महालक्ष्म्या उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून, नव्या रुग्णांच्या केसपेपरबद्दल विचारावे तसे, तिने त्याच सपाट, थकलेल्या स्वरात विचारले, "इन दोनों का पर्चा बना कि नहीं?"

शामलाबाईंच्या हातातले निरांजन खाली पडले.

तेवढ्यात अवंतिकाचा फोन वाजला. तिचा हात आपोआप तिकडे वळला. पण मधुसूदनांनी तो आधी उचलला. पलीकडे विभागप्रमुख होते.

"इसे छुट्टी चाहिए," मधुसूदन म्हणाले.

"सर, आप कह रहे हैं? बीमारी क्या लिखूँ?"

मधुसूदनांनी लेकीकडे पाहिले. ती अजून मुखवट्यांपुढे उत्तराची वाट पाहत उभी होती.

"नाम बाद में," ते कसेबसे म्हणाले. "छुट्टी अभी लिखो."