राजाराम परबांचा कॉम्प्युटर

पहिली डीव्हीडी चाललीच नाही. गंगाधर सुखटणकरांनी दोष डीव्हीडीला दिला, मग ती विकणाऱ्या दुकानदाराला आणि शेवटी सबंध लालबागला. वास्तविक चूक त्यांचीच होती. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची फाइल त्यांनी गाणं उतरवावं तशी डिस्कवर उतरवली होती. तशा डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. ती फाइल 'इमेज' म्हणूनच लिहावी लागते. हे ध्यानात आल्यावर त्यांनी घरी दुसरी डिस्क नीट लिहिली. पहिलीबद्दल बायकोला, मृणालिनीला, काही सांगितलं नाही.

विमा कंपनीत त्यांची सारी नोकरी युनिक्सच्या मोठ्या मशीनवर गेली होती. माउस हलवणारी माणसं त्यांना माकडांसारखी वाटत. निवृत्तीनंतर दादरची भाड्याची जागा सुटून काळाचौकीच्या या इमारतीत यावं लागलं, तेव्हापासून पॅसेजमध्ये सुकट वाळत घालणारे शेजारीही माकडांतच जमा झाले होते.

समोरच्या कौसल्या परबांचा कॉम्प्युटर बंद पडला, तो दुरुस्त करायचं मृणालिनीनेच कबूल केलं होतं. परबबाईंचा नवरा राजाराम गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई झाला होता. शाळेने मोडीत काढलेलं मशीन त्याने घरी आणलं, आणि गेल्या वर्षी तो वारला. मशीन इतकं जुनं, की पेन ड्राइव्हवरून सुरूच होईना. म्हणून हा डिस्कचा खटाटोप.

"शिपायाला कॉम्प्युटर कशाला हवा असतो?" सुखटणकर घरात म्हणाले होते.

दुसरी डिस्क घेऊन ते परबांकडे गेले. कौसल्याबाईंनी खुर्ची पुसून दिली, चहाचं आधण ठेवलं आणि शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आतमधी ह्यांचं..."

"आतलं माझ्यावर सोडा. तुम्हाला कळायचं नाही ते."

थोड्या वेळाने त्या पुन्हा काही सांगू लागल्या. सुखटणकरांनी मान न वळवता नुसता हात वर केला. त्या चहा गाळायला गेल्या.

डिस्क फिरली, पडदा उजळला. मशीनमधल्या हार्ड डिस्कवरचं सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची का, असा प्रश्न आला. ऑफिसात त्यांनी कुणाच्या मशीनवरचं अक्षरही विचारल्याशिवाय पुसलं नसतं. इथे काय असणार? सिनेमाची गाणी. त्यांनी 'हो' दाबलं.

काम संपल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं. आता व्हायरस येणार नाही, मशीन वेगाने चालेल, असं समजावलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता गाऱ्हाणं लावा ना."

"कसलं गाऱ्हाणं?"

तेव्हा त्यांना ऐकावं लागलं. दर गणपतीला राजाराम देवापुढे मालवणीत गाऱ्हाणं घालायचा, गावच्या साऱ्या देवांची नावं घेऊन. मुलाला, मयूरला, ते येत नव्हतं. म्हणून आजारपणात राजारामने कॉम्प्युटरसमोर बसून ते आपल्या आवाजात भरून ठेवलं होतं. मी नसलो तर हे लावा, म्हणाला होता. गणपती तोंडावर आले होते.

सुखटणकरांनी एकेक रिकामं फोल्डर उघडलं. शोधण्यासारखं काही नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"पुसलं गेलं," ते म्हणाले.

"तुम्ही पुसलंत?"

"हो."

कौसल्याबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "दोनदा सांगूक गेलंय, साहेब," त्या म्हणाल्या. मग कप त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या. निवतोय."

मशीन चाललं का, असं मृणालिनीने विचारलं. उत्तम चाललं, असं त्यांनी सांगितलं. आणि ते खरंही होतं. नंतर पुसलेल्या फायली परत मिळवण्यासाठी त्यांनी आणखी एक डिस्क बनवली. फोटोंचे तुकडे निघाले. आवाज निघाला नाही.

गणपतीच्या दिवशी मृणालिनीने त्यांना आरतीला नेलं. ते दाराशीच उभे राहिले. मयूरने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आरती झाली. गाऱ्हाणं मोबाइलवर मिळेल, कुणाचंही लावू, असं कुणीतरी सुचवलं. कौसल्याबाईंनी नको म्हटलं, डोक्यावर पदर घेतला आणि मूर्तीपुढे हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो बोलणारो आज नाय. मी बोलतंय. चुकला-माकला पदरात घे."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

देवांच्या नावांत त्या अडल्या, थांबल्या, आठवली तेवढी घेतली. मुलाबाळांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं. मग मागे न बघता म्हणाल्या, "आणि जेंका दुसऱ्याचा ऐकूची सवय नाय, तेंकाय सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका आवाजात म्हणाले.

जरा वेळाने दाराशी आणखी एक आवाज तेच म्हणाला, खाली बघत.