बेटेगावच्या गिरनीवर धरलेली तार

मित्रांनो, जरा जवळ सरका. गोष्ट सांगतो. पन आदीच बोलतो, ऐकून मी तुमाला आवडनार नाय.

मी एक जुना चिमटा हाय. चुलीवरचा नव्हं, विजेचा. साहेब मला टाँग टेस्टर म्हनत. लोखंडी जबडा, खाली काचेत काटा. चालू तारेभोवती जबडा मिटला की तारेतून किती वीज चाललीय ते काटा दावतो. मुंबईच्या कारखान्यात घडलो, अठ्ठ्याहत्तर साली बोईसरच्या वीजमंडळात आलो. खांबावरून येनाऱ्या तारेला मला लावायचं आनि आत मीटरची चकती बघायची. काटा वर, चकती फिरत नाय, म्हंजे चोर घावला. केळव्याच्या वाडीतले पंप, बर्फाचे कारखाने, लय धरले. मानसं पाया पडायची. मला गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

मला वागवायचा कमलाकांत लायनमन. बेटेगावात त्याचा दोस्त महादू, त्याची पिठाची गिरन. महादू वारला, मग त्याची बायको हिरा गिरन चालवू लागली. पदरात दोन पोरी, दुसरा आधार नाय. कमलाकांत भाऊबीजेला तिच्याकडं जेवायचा. त्यानंच एकदा मीटरच्या आदीच तार काढून मोटारला जोडली. बदल्यात त्याच्या घरचं दळन फुकट. रीडिंगवाला दिसला की खटका पाड, एवढंच सांगून गेला. हे बरं नाय, हिराला कळत होतं. पन तिनं जोडू दिली.

पालघरच्या हापिसात कारकुनानं हेरलं, महादू गेल्यावर गिरनीच्या मीटरचं युनिट नावालाच उरलं, पन गिरनीवरची रांग तेवढीच. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी साहेबांची जीप निघाली. कुठं जायचं ते कमलाकांतला वाटेत कळलं. त्याच्या हाताला घाम सुटला, मला लागला तो.

हिरानं जीप बघितली. खटक्यावर हात गेला आनि थांबला. डोंगरावरून नवसी नावाची बाई सनासाठी नाचनी दळायला आलेली, तिची नाचनी अर्धी गिरनीच्या दगडात होती. दळन अर्ध्यावर उठवत नायत गिरनीवाले. ताटावरून मानूस उठवावा, तसं ते.

"बंद कर गं," कमलाकांत बोलला.

"जरा थांब ना भाऊ. नवसीचं होऊ दे."

साहेब हसले. "राहू द्या, बाई. आम्हाला चालूच हवीय."

कमलाकांतनं मला तारेला लावलं. काटा चौदावर गेला. चकती जागची हलली नाय.

तार कोनी जोडली, साहेबांनी इचारलं. हिरानं कमलाकांतकडं बघितलं.

तो म्हनाला, "नवरा मेल्यापासून हिला चोरीची सवय लागलीय, साहेब. शेजारपाजाऱ्यांना इचारा."

"भाऊ, माज्या घरी जेवलास ना तू?"

"कोन भाऊ?"

मग तोच खांबावर चढला आनि तार कापली. नवसी अर्धी नाचनी, अर्धं पीठ घेऊन डोंगर चढली. गाव हिराला चोरटी म्हनू लागलं. पोरींना शाळेत चिडवलं, त्यांनी शाळा सोडली. गिरन गेली. हिरा तारापूरच्या कंपनीत झाडू मारायला लागली. सव्वीस जानेवारीला, चोरी पकडली म्हनून हापिसात कमलाकांतला हार घातला. मलाबी टेबलावर मांडलेलं, पुसून.

आता माजा जबडा मिटत नाय. भंगारात पडलोय. माजा काटा किती ते दावायचा, कोन ते नाय.

मित्रांनो, बेटेगावला गेलात तर हिराच्या पोरींना गाठा. बाया झाल्या असतील आता. त्यांना सांगा, तार जोडनारा हात आनि मला धरनारा हात एकच होता. आनि गावाच्या पारावर सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.