असोशी

लेकीनं वाचता वाचता पानावरचा एक शब्द गाळला आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला.

“पावलं वाजताच तिनं घाईघाईनं दार उघडलं.”

पलंगावर उशीला टेकलेल्या आत्यानं हनुवटी वळवली. डोळे अधू झाल्यापासून ती अशीच आवाजाकडे हनुवटी फिरवायची.

दुपारी आत्याला कादंबरी वाचून दाखवणं हे आईचं काम. गेल्या महिन्यात आई गेली आणि लेकीनं ते आपणहून उचललं. पोर आईच्या वळणावर गेली, असं नातेवाईक कौतुकानं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. पहिल्या दिवसापासून ती पानावरचे शब्द निवडत होती, धान्य निवडावं तसे. फक्त इथे खडे आत्याला आणि दाणे तिच्यापाशी.

आईची शाळा लवकर सुटली होती. शब्द तिला कादंबऱ्यांतच भेटायचे. नवा शब्द दिसला की ती शेजारी पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायची, ओठांतल्या ओठांत तो दोनदा म्हणायची आणि उठून स्वयंपाकघरात लेकीला गाठायची. ‘असोशी’ सापडला त्या दिवशी दूध उतू गेलं. ओटा पुसायचं सोडून आई हसत उभी राहिली.

“बघ तरी, काय ही असोशी त्याची बाहेर यायची!”

मग एकदा पाहुण्यांसमोर जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, आज जरा विमनस्क वाटतंय. आत्यानं मान वर न करता म्हटलं, “घे एक गोळी, वहिनी. बरं वाटेल.” सगळे हसले. आईही हसली. त्यानंतर तिच्या शब्दांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही.

“परत वाच,” आत्या म्हणाली.

लेकीनं तेच वाचलं.

“घाई नव्हती तिथं. वहिनीनं वाचलंय हे पुस्तक मला. त्या शब्दापाशी थांबायची ती. मग परत म्हणायची, चव घेतल्यासारखी.”

“कुठला शब्द?”

“आठवत असता तर तुझ्या तोंडाकडे बघत बसले असते का?” आत्या स्वतःच्याच बोलण्यावर किंचित हसली.

लेकीनं पानाकडे पाहिलं. शब्दाशेजारी ठिपका होता. तिनं त्यावर अंगठा ठेवला.

“घाईघाईनंच आहे, आत्या.”

आत्या पांघरुणाची कड चिमटीत धरून चोळत राहिली.

“वहिनी गेली आणि पुस्तकंही पातळ झाली,” ती म्हणाली. “विमनस्क म्हणाली होती ना ती एकदा? तसं वाटतं बघ.”

या क्षणाची लेकीनं इतकी वर्षं वाट पाहिली होती, की तो आला तेव्हा तिचा आवाज अगदी मऊ निघाला.

“घे एक गोळी, आत्या. बरं वाटेल.”

आत्याच्या चिमटीतून पांघरुणाची कड सुटली.

लेक पाणी आणायला उठली. ओट्यापाशी तिनं अंगठ्याखाली झाकलेला तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटला आणि सवयीनं वळून पाहिलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

पेला घेऊन परतताना ती दारातच थांबली. आत्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती.

“आतुर... नव्हे. अधीर... छे, अधीरही नव्हे.”

तिची बोटं चादरीवर चाचपडत होती, हातातून काही निसटून पडावं तशी.

लेक पेला धरून उभी राहिली. तिनं आत्याला शोधू दिलं.